गाडी हाकणाऱ्याचा वाटा

"तुम्ही कुणाचे?" म्हातारीने दार अर्धंच उघडून विचारलं.

"त्या विमानात माझी बायको होती," मी म्हणालो. "बार्शीहून आलोय. होनराव."

तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग दार पूर्ण उघडलं.

"या. चपला आत घ्या, बाहेर कुत्री उचलून नेतात. आणि शिव्या द्यायच्या असतील तर बसून द्या. मागे एक गृहस्थ उभ्यानेच ओरडत राहिले, मग त्यांनाच घेरी आली. मलाच कांदा फोडून त्यांच्या नाकाला लावावा लागला."

"शिव्या द्यायला नाही आलो."

"सगळे असंच म्हणतात," ती म्हणाली. "चहा ठेवते. साखर चालते ना?"

नगरमधलं साधं घर होतं. दोन खोल्या, पुढे थोडं अंगण, अंगणात तुळस आणि वाळत घातलेले कपडे. त्या कपड्यांत एक पांढरा शर्ट होता. खांद्यावर पट्टे लावायच्या जागी नुसती काजं राहिली होती. तो शर्ट हेमंत कारखानीसचा, हे सांगायला कुणाची गरज नव्हती. विमानाचा मोठा पायलट अपघातात गेला. हा धाकटा पायलट वाचला आणि आईजवळ येऊन राहिला. घरचं माणूस गेलेल्या आमच्यातल्या पुष्कळांनी त्याचा पत्ता शोधून काढला होता. मलाही तो त्यांच्याकडूनच मिळाला.

या गोष्टीला आता खूप वर्षं झाली. विमानतळ कुठला, कंपनी कोणती, ते सांगत नाही. त्यात आता काही उरलेलं नाही.

माझी बार्शीत पिठाची गिरणी होती. आमची एकच मुलगी, उज्ज्वला. जावई रेल्वेत, बदली होऊन खडगपूरला गेलेले. उजूचे दिवस भरत आले तेव्हा तिने आईला बोलावून घेतलं. शालन, म्हणजे माझी बायको, रेल्वेने जायला तयार होती. उजू फोनवर म्हणाली, "आई, एवढा लांबचा प्रवास नको. मी तिकीट पाठवते, कलकत्त्यापर्यंत विमानाने ये. पुढे हे घ्यायला येतील." शालनला हसू आवरेना. गल्लीभर सांगून आली. बाळंतिणीसाठी डिंकाचे लाडू केले, एक डबा भरला, मुलाची झबली, टोपडी, वेखंड, सगळं घेतलं. मी विमानतळाच्या दारापर्यंत सोडलं. आत जाताना तिने मागे वळून मला सांगितलं, "दुधाचं भांडं झाकून ठेवत जा, मांजर येतं." त्यानंतर ती मला दिसली नाही.

विमान धावलं, पण वर उठलं नाही. धावपट्टी संपली, पुढच्या बांधावर आदळलं आणि पेटलं. मागे बसलेले काही वाचले. शालन पंखाजवळ बसली होती.

चौकशी झाली. पायलट लोकांचं लक्ष नव्हतं, ते बोलत बसले होते, असं निघालं. अहवालात शब्द होता, अवांतर संभाषण. त्या दोन शब्दांवर पेपरवाल्यांनी वाटेल ते रचलं. एकाने लिहिलं, क्रिकेटचा स्कोअर सांगत होते. एकाने लिहिलं, हवाई सुंदरीला आत बोलावून तिची थट्टा चालली होती. ती मुलगीही अपघातात गेलेली. तिच्या भावाने ते वाचून त्या पेपरच्या कचेरीत जाऊन मारामारी केली म्हणे.

उजूचं बाळंतपण त्याच आठवड्यात झालं. मुलगा झाला. पण उजू आईच्या मागे गेल्यासारखीच झाली. फोन केला की मुलाबद्दल एक वाक्य बोलायची आणि मग म्हणायची, "अप्पा, तिकीट मी काढलं." मी म्हणायचो, "तिकीट काढल्याने कुणी मरत नाही." मग ती विचारायची, "काय बोलत होते ते लोक? माझी आई मागे बसलेली असताना त्यांना एवढं काय बोलायचं होतं?" जावई सांगत, ती पेपरची कात्रणं काढून बसते, मूल रडत असलं तरी उठत नाही. दोन वर्षं होत आली तरी हेच. शेवटी एकदा ती म्हणाली, "अप्पा, तुम्ही जाऊन विचारा. मला ते कळल्याशिवाय जमणार नाही." तिच्या आवाजाने मी घाबरलो. गिरणीला कुलूप लावलं आणि नगरची गाडी धरली.

गाडीत बसताना ड्रायव्हरला एक लाडू दिला. ही शालनची सवय. तिचा भाऊ ट्रकवर होता. ती सांगायची, रस्त्यात त्याला कुणी पाणीसुद्धा विचारत नसे. म्हणून एसटीने कुठेही निघालो की ती घरूनच गाडी हाकणाऱ्याचा वाटा बांधून घ्यायची. एक ड्रायव्हरचा, एक कंडक्टरचा. गाडी सुटायच्या आधी पुढे जाऊन द्यायची आणि म्हणायची, "सावकाश न्या बरं का." मला लाज वाटायची. मी म्हणायचो, "तो काय तुझ्या घरचा गडी आहे का?" ती म्हणायची, "आपला जीव त्याच्या हातात देतोय, एक लाडू द्यायला काय होतं?" ती गेल्यावर मी ती सवय ठेवली. मला लाडू येत नाहीत. दुकानातले राजगिऱ्याचे घेतो. त्या दिवशीही जातानाचा एक आणि येतानाचा एक, असे दोन पिशवीत घेतले होते.

म्हातारीने चहा आणला, आणि तिच्यामागून कारखानीस आला. काखेत कुबडी होती. वयाने माझ्या जावयाएवढाच. गाल, मान, एक कान, भाजून आवळून गेलेलं सगळं. त्याने नमस्कार केला आणि समोर बसला.

"मी काय विचारायला आलोय ते तुम्हाला माहीत असेल," मी म्हणालो.

"हो."

"मग सांगा."

"अहवालात आलंय ते सगळं."

"अहवालात अवांतर लिहिलंय. मी सातवी शिकलेला माणूस. मला अवांतर कळत नाही."

"कामाचं नव्हतं ते. एवढंच."

"एवढंच असेल तर सांगायला काय हरकत आहे?"

म्हातारी माझ्याकडे बघून म्हणाली, "मला पण नाही सांगत. मी आई आहे. दोन वर्षं विचारतेय. चौकशीवाल्या साहेबांना सांगितलं आणि त्यांना हात जोडले म्हणे, छापू नका."

"आई, तू आत जा."

"मी नाही जात. माझं घर आहे."

मला राग यायला लागला होता. चहा तसाच ठेवला.

"माझी गिरणी आहे," मी म्हणालो. "पट्टा फिरत असला की मी कुणाशी बोलत नाही. एकदा एकाशी बोलताना सदऱ्याची बाही पट्ट्यात गेली होती, तेव्हापासून नाही. माझ्या बायकोला हे माहीत होतं. चहा घेऊन आली तरी ती दारातच उभी राहायची. पट्टा थांबेपर्यंत आत पाऊल टाकायची नाही. चहा गार व्हायचा, पण उभीच. न शिकलेल्या बाईला जे कळत होतं, ते तुम्हाला कळलं नाही?"

"नाही कळलं," तो म्हणाला. "बरोबर आहे तुमचं."

भांडायची तयारी करून गेलो होतो आणि समोरच्याने दारच उघडून दिलं, तसं झालं.

"तुम्ही मला काहीही बोला," तो म्हणाला. "पेपरात आलं ते खरं धरून लोक येतात. क्रिकेटवरून बोलतात, त्या मुलीवरून बोलतात. मी ऐकून घेतो. पण ते नका विचारू. ते कळून तुमचं काही कमी होणार नाही. झालं तर वाढेल."

"वाढून काय वाढणार? माझ्याकडचं जायचं ते गेलं."

"तुमच्याबद्दल नाही म्हणत मी. कुणाबद्दल म्हणतोय ते मलाच माहीत नाही."

हे काय बोलणं, मला समजलं नाही. मग मी त्याला उजूबद्दल सांगितलं. सांगायचं ठरवून गेलो नव्हतो. तिकीट, कात्रणं, मुलाचं रडणं, सगळं सांगितलं. म्हटलं, "तिच्या डोक्यात बसलंय की तुम्ही तिथं काहीतरी घाण बोलत होता आणि त्यापायी तिची आई गेली. रोज नवीन काहीतरी मनात आणते. मला माझ्यासाठी नको. माझी एकच मुलगी उरली आहे, ती हातची जाईल."

म्हातारी पदराने डोळे पुसत होती. ती म्हणाली, "सांग रे बाबा. तू पोटात ठेवलंस तर तुझी झोप गेली. ह्यांची न ऐकून गेली. कुणाचं भलं झालं त्यात?"

कारखानीसने आईकडे पाहिलं. मग म्हणाला, "घाण काही नव्हतं. त्या मुलीबद्दलही काही नव्हतं. एवढं तुमच्या मुलीला नक्की सांगा."

"मग काय होतं?"

"सांगतो. मधे थांबवू नका."

त्याने कुबडी बाजूला ठेवली.

"विमान उडायच्या आधी पंखांच्या मागच्या पट्ट्या खाली कराव्या लागतात. फ्लॅप म्हणतात त्याला. त्या खाली नसल्या तर विमान धावतं, पण वर उठत नाही. विसरू नये म्हणून यादी असते. एकाने एकेक वाचायचं, दुसऱ्याने बघून उत्तर द्यायचं. वाचताना मधे काही आलं तर यादी पहिल्यापासून वाचायची, असा नियम आहे. आम्ही रांगेत उभे होतो. पुढे विमानं होती, त्यामुळे थांबलो होतो. यादी माझ्या हातात होती. फ्लॅपची ओळ यायची होती, तेवढ्यात ती मुलगी आत आली. तेव्हा आमच्या केबिनचं दार काही बंद नसायचं. तिच्या हातात कागदात बांधलेलं काहीतरी होतं. हसत होती. म्हणाली, मागे एक मावशी बसल्यात, पहिल्यांदा विमानात आल्यात. मला विचारत होत्या, गाडी हाकणारे किती जण असतात? मी म्हटलं, दोन. तर त्यांनी डबा उघडून हे दोघांचं दिलं."

माझा हात पिशवीवर गेला.

"लाडू होते," तो म्हणाला. "दोन. कॅप्टन साहेब पंजाबी. त्यांनी विचारलं, हे काय? मी म्हटलं, डिंकाचे लाडू, आमच्याकडे बाळंतिणीला देतात. ते म्हणाले, म्हणजे आता आपण दोघं बाळंत होणार? सगळे हसलो. मी त्यांना डिंक म्हणजे काय ते सांगत बसलो. लहानपणी आई करायची, मी चोरून खायचो, तेही सांगितलं. तेवढ्यात टॉवरचा आवाज आला, तुम्ही पुढे या. माझे हात तुपाचे झाले होते. पुसले, यादी उचलली आणि वाचायला लागलो. पुढच्या ओळीपासून. पहिल्यापासून नाही. फ्लॅपची ओळ मागेच राहिली. चुकलं तर ओरडणारा एक भोंगा असतो, तो त्या दिवशी वाजला नाही. पण तो नंतरचा भाग. आधी मी चुकलो."

म्हातारीने तोंडाला पदर लावला होता.

"त्या बाईंचं काही चुकलं नाही," तो म्हणाला. "विमान उभं होतं. त्यांना वाटलं असेल, अजून वेळ आहे. त्यांनी चांगल्या मनाने दिलं. आम्ही बाजूला ठेवायला हवं होतं. नंतर खाता आलं असतं. त्या बाई कोण, कुणाच्या कोण, वाचल्या की गेल्या, मला काही माहीत नाही. मी शोध घेतला नाही. गेल्या असल्या तर त्यांचं कुणीतरी असेलच. मुलगा असेल, मालक असेल. त्या माणसाने पेपरात हे का वाचावं? म्हणून मी चौकशीवाल्या साहेबांना म्हटलं, छापू नका. क्रिकेट लिहिलं तर लिहू दे."

अंगणात म्हातारीचे कपडे वाऱ्याने हलत होते. मनात एकच गोष्ट आली आणि तीच मी विचारली.

"तुम्ही खाल्लात का तो?"

त्याने मान वर केली. "काय?"

"लाडू. खाल्लात का?"

"खाल्ला," तो म्हणाला. "अर्धा. कॅप्टन साहेबांनी पूर्ण खाल्ला."

"कसा झाला होता?"

तो माझ्याकडे बघतच राहिला. मग हळूच म्हणाला, "चांगला होता. खारीक भरपूर होती. जायफळ जरा जास्त होतं."

"जायफळाला तिचा हात सढळ होता," मी म्हणालो. "मी नेहमी सांगायचो."

त्याचा चेहरा तसा भाजलेला, त्यावर काही उमटायला जागा नव्हती. तो उठायला गेला, कुबडी खाली पडली, आणि तो तसाच माझ्या पायाशी बसला. मी त्याला उठवलं नाही. क्षमा केली असंही म्हणालो नाही. तसं काही माझ्या मनात तयार नव्हतं. मी फक्त त्याच्या पाठीवर हात ठेवला, कारण तो हात कुठेतरी ठेवायलाच हवा होता.

म्हातारीनेच शेवटी त्याला धरून बसवलं. मला म्हणाली, "जेवून जा."

"गाडी चुकेल."

"मग चहा तरी घ्या. गार झालाय."

"गार चालतो," मी म्हणालो आणि प्यायलो.

स्टँडवर आलो तेव्हा ऊन उतरलं होतं. एसटीडीच्या दुकानातून खडगपूरला फोन लावला. फोन उजूनेच घेतला.

"अप्पा, गेला होता?"

"गेलो होतो."

"सांगितलं त्यांनी?"

"सांगितलं. घाण काही नव्हतं, उजू. पेपरवाल्यांनी सगळं खोटं लिहिलंय. त्या पोरीबद्दलही काही नव्हतं."

मागे नातवाचा आवाज येत होता, काहीतरी आपटत होता.

"मग काय बोलत होते?"

"घरच्या गोष्टी. खाण्यापिण्याच्या. लहानपणी त्याची आई गोडधोड करायची, ते सांगत होता. हसत होते सगळे."

"हसत होते?"

"हो. चांगलं हसत होते."

मग ती रडायला लागली. दोन वर्षांत फोनवर ती कधी रडली नव्हती, नुसतं विचारायची. मी रडू दिलं.

"अप्पा," ती मग म्हणाली, "एवढ्यासाठी?"

"एवढ्यासाठीच. चूक त्यांची होती. तुझी नव्हती, तुझ्या तिकिटाची नव्हती. मी त्या माणसाला डोळ्यांनी बघून आलोय. आता कात्रणं टाकून दे."

"आईला कळलं असतं तर काय म्हणाली असती?"

"मला नाही माहीत," मी म्हणालो. आणि हे मी खरं बोललो. "तो काय आपटतोय मघापासून?"

"डबा," ती म्हणाली. "थांबा, त्याला देते फोन. बोलत नाही, पण ऐकतो."

मी नातवाशी बोललो. पुढचं उजूने कधी विचारलं नाही आणि मी कधी सांगितलं नाही. काही वर्षांनी तिने स्वतः डिंकाचे लाडू केले आणि पार्सलने पाठवले. मी खाल्ले. जायफळ कमी होतं. तेही मी तिला सांगितलं नाही.

त्या संध्याकाळी बार्शीची गाडी फलाटाला लागलेली होती. माझी जागा पुढेच होती. पिशवीत एक लाडू शिल्लक होता. सवयीने मी उठलो आणि ड्रायव्हरच्या केबिनपर्यंत गेलो. ड्रायव्हर चांगला वयस्कर, गळ्यात मफलर. त्याने गाडी चालू केली होती आणि मान बाहेर काढून मागे बघत होता. मागे कंडक्टर गाडी फलाटावरून काढायला हात दाखवत होता. येऊ द्या, येऊ द्या. माझा हात पिशवीत होता. लाडू हातात आला होता.

मी तो पुन्हा पिशवीत ठेवला आणि जागेवर येऊन बसलो. शेजारच्या माणसाने विचारलं, "काय झालं? काही विचारायचं होतं का त्याला?"

"नंतर विचारतो," मी म्हणालो.

वाटभर मी त्या माणसाच्या पाठीकडे बघत होतो. मफलर, मान, आरशात दिसणारे डोळे. एकदा कुणीतरी पुढे जाऊन त्याला तंबाखू विचारली. मी पुढची दांडी घट्ट धरली. त्याने रस्त्यावरची नजर काढली नाही, नुसती मान हलवली.

बार्शी आली. सगळे उतरले. कंडक्टर पेटी घेऊन ऑफिसकडे गेला. ड्रायव्हरने गाडी बंद केली, हात वर करून आळस दिला. मी खाली उतरून त्याच्या दाराशी गेलो आणि लाडू वर धरला.

"काय ओ हे?"

"लाडू आहे. घ्या."

"प्रसाद का?"

"प्रसाद नाही. तुमचा वाटा आहे."

त्याला गंमत वाटली. "देणारे निघताना देतात, अप्पा. गाडी नीट जावी म्हणून. पोचल्यावर कोण देतं?"

"आमच्यात पोचल्यावर देतात," मी म्हणालो.

त्याने कागद सोडला आणि तिथेच बसून खायला लागला. त्याचं खाऊन होईपर्यंत मी उभा राहिलो.